दारावरून जाणारी शर्यत

वैनी,

आज द्वादशी. अण्णांनी सकाळी लवकर पारणं केलं आणि ते देवळात गेले. तुम्ही गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. भात रोज खाली लागतो, सारात मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, पण घर चाललंय. तुम्ही भाजी निवडायला बसायचात त्या खिडकीपाशी मी पाय लांब करून बसलोय. डावा गुडघा ठणकतोय. ठणकू दे. काल एकादशी होती, आणि काल मी पळालो.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर माहेर कुठलं, सासर कुठलं, स्वभाव कसा प्रेमळ होता, हे सगळं सांगायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही. प्रेमळ म्हटलेलं तुम्हालाच चाललं नसतं. 'दुसरं काही सुचलं नाही काय रे?' म्हणाला असतात. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं करायला बसलोय.

भांडणाचं मूळ त्या मॅरेथॉनमध्ये. गेल्या पौषात इथल्या कारखान्यांनी मिळून ती ठेवली. छावणीतल्या मैदानावरून निघायचं, हेब्बाळच्या तळ्यावरून येलहंकेच्याही पुढं जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. सव्वीस मैल. आमच्या खात्यातून मी आणि मुनियप्पा अशी दोघांनी नावं दिली. मुनियप्पा उंच, काटकुळा, वाऱ्यानं उडेल असा. मी कसा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. नाव देताना पंचांग कोण बघतो? ते बघितलं तुम्ही. "गुंडू, त्या दिवशी एकादशी आहे की रे."

तिकडं महाराष्ट्रात म्हणे 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. आपली माणसं बंगळूरला येऊन कित्येक पिढ्या झाल्या. येताना त्यांनी भाषा आणली, देव आणले, ही म्हण मात्र वाटेत कुठंतरी सांडली. आपली एकादशी कोरडी. भात नाही, फराळ नाही, आणि अण्णांच्या पाठोपाठ मुंजीपासून मलाही पाणी नाही. अण्णा ऑफिसात साधे कारकून, पण घरात नुसते थोरले भाऊ नव्हेत, आचार्य. मॅरेथॉनचं कळल्यावर त्यांनी 'पळू नको' म्हटलं नाही आणि 'खाऊन पळ' असंही म्हटलं नाही. पंचांग मिटलं आणि म्हणाले, "तुझं तू बघ." अण्णांच्या 'तुझं तू बघ'चा अर्थ ह्या घरात कुणाला सांगावा लागत नसे.

त्या पहाटे मी कॅनव्हासचे बूट बांधत होतो आणि तुम्ही दारात तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन उभ्या होतात. उन्हातून कुणी आलं किंवा लांबच्या वाटेला कुणी निघालं की गूळ-पाणी, हा तुमचा नियम. टपालवाला असो, कल्हईवाला असो, तुमच्या दारातून कोरड्या तोंडानं कुणी गेला नाही.

"घे."

"वैनी, एकादशी आहे."

"तू किती मैल जायलास ते देवाला दिसतंय की."

"आणि अण्णांना?" मी आतल्या खोलीकडं बघत हळूच म्हटलं.

एरवी तुम्ही हसला असतात. त्या दिवशी हसला नाहीत. तांब्या तसाच धरून उभ्या राहिलात आणि मी तुमच्या अंगावरून निसटून रस्त्यावर आलो.

पुढं काय झालं त्याचा फक्त शेवट तुम्ही बघितलात. येलहंकेपर्यंत मी राजा होतो. परत येताना हेब्बाळचं तळं लागलं, डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी, आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. रस्त्याकडेला लोक बादल्या, पेले घेऊन उभे होते. एका म्हातारीनं तर हातच धरला. "कुडियप्पा, पी रे बाबा," असं ती कन्नडमध्ये विनवत होती. मी हात सोडवून पळालो. तोवर त्यात देव उरला नव्हता, अण्णाही उरले नव्हते, नुसता हट्ट उरला होता. शेवटचे मैल मी चाललो की लोळलो, मला आठवत नाही. रेघ ओलांडलीस, असं मुनियप्पा शपथेवर सांगतो. त्यानंच मला घोड्याच्या जटक्यात आडवा घालून चामराजपेटेत आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग अंथरूण. ताप, काळी पडलेली नखं, आणि नारळासारखा सुजलेला डावा गुडघा. डॉक्टर म्हणाले, पळण्याचं नाव काढू नका. अण्णा उशाशी बसून स्तोत्र म्हणत. एका दुपारी तुम्ही गरम मिठाच्या पाण्याचं घमेलं आणून ठेवलंत आणि त्यांच्याकडं न बघता म्हणालात, "देवाला हे पोर जड झालं नव्हतं. मग कुणाला झालं होतं?" अण्णांशी लग्न होऊन तुम्ही ह्या घरात आलात तेव्हा मी बिनआईचा, पाटी-दप्तरवाला पोर होतो. तेव्हापासून तुम्ही अण्णांना उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णा स्तोत्र अर्धं टाकून उठले. त्या दिवशी एकादशी नव्हती, पण ते जेवले नाहीत.

उभा राहायला लागल्यावर मला चालवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. त्याला तुम्ही औषध म्हटलं नाही की व्यायाम म्हटलं नाही. "बाजारात जायलेय, पिशवी धर," एवढंच. पुढं तुमचं नऊवारी, मागं मी लंगडत. आधी नळाच्या कोपऱ्यापर्यंत, मग चौकापर्यंत, मग थेट मार्केटपर्यंत. मी दम खायला थांबलो की तुम्ही मागं न वळता म्हणायचात, "स्वल्प पुढं." ते 'स्वल्प' कधी संपायचंच नाही. सव्वीस मैल पळालेला गडी कोथिंबिरीच्या जुडीमागं धापा टाकत चाललाय, हे बघून कट्ट्यावरचे म्हातारे हसायचे. मला राग यायचा. तुम्ही म्हणायचात, "हसू दे की. त्यांचे पाय कुठं चाललेत?" तुम्ही भरभर चालायचात, वैनी. मुनियप्पाच्या मागं पळताना मला जेवढा दम लागला नाही तेवढा तुमच्या मागं चालताना लागला.

आणि तो बसचा दिवस. आषाढ असावा. दोन्ही पिशव्या भरलेल्या, मान काढून फणस एका पिशवीतून बाहेर डोकावतोय, आणि आपली बस सुटली. तुम्ही ओरडलात, "गुंडू, धाव! थांबव त्याला!" आणि मी धावलो. पिशवीसकट, फणसासकट. बसच्या पाठीवर थापा मारून ती थांबवली. तुम्ही मागून आलात, चढलात, पदर नीट केलात, कंडक्टरला कन्नडमध्ये चार शब्द सुनावलेत आणि मग माझ्याकडं बघून म्हणालात, "गुडघा विसरलास की रे."

खरंच विसरलो होतो. दोघंही इतकं हसलो की समोरच्या बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं.

त्या आठवड्यातच तुम्ही ती शर्यत शोधून काढलीत. आपल्या पेटेतल्या व्यायामशाळेची, दरवर्षीची. मार्केटापासून निघून आपल्या रस्त्यानं, मग बसवनगुडीचा चढ घेऊन लालबागेच्या दरवाजापर्यंत. जेमतेम चार मैल. "ही पळ," तुम्ही म्हणालात.

"ती पोरांची असते, वैनी."

"मग?"

"मी मॅरेथॉन पळालोय. चार मैल म्हणजे दात घासायचं काम."

"सरी, बरं. दात तर घासून दाखव."

मी चिडलो. मोठी शर्यत पळालेल्या माणसानं छोटीत उतरायचं म्हणजे पायरी सोडायची, असं माझं म्हणणं. पुन्हा पळेन तर सव्वीस मैलच पळेन, आणि ह्या खेपेला नीट. तुम्ही तांदूळ निवडत होतात. सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, "तुझी ती मोठी शर्यत मला दिसलीच नाही रे. सकाळी तू दारातून गेलास, संध्याकाळी जटक्यातून तुझं अंग आलं. मधलं काय ते तुलाच ठाऊक. मी कुठं मैदानावर यायची? मला दारातूनच दिसणार. तर दारावरून जाईल ती पळ."

मी म्हटलं, "बघू."

आणि तुम्ही पंचांग काढलंत. वैनी, पंचांगाचं माझ्याशी काय वाकडं आहे मला कळत नाही. ही शर्यतही एकादशीलाच येत होती, आश्विनातल्या. तुम्ही खूश झालात. "बरं झालं! ह्या वेळी मी दारात गूळ-पाणी घेऊन उभी राहते. थांबायचं, प्यायचं, मग जायचं."

"शर्यतीत कुणी थांबत नाही."

"दारात आलेला माणूस गूळ-पाणी न घेता जातो काय?"

"मी दारात येणार नाही, दारावरून जाणार आहे."

"तेच ते."

"तेच नाही! मुनियप्पा तेवढ्यात मारुतीच्या देवळापर्यंत जाईल."

"जाऊ दे की. देवाला नमस्कार करून थांबेल तो."

हे भांडण श्रावणभर चाललं. कधी आमटी वाढताना, कधी कपडे वाळत घालताना. मी शर्यतीचे नियम सांगायचो, तुम्ही दाराचे. आणि मी अण्णांचं नाव काढलं की तुम्ही एकच बोलायचात, "त्यांचं मी बघते." अण्णांशी तुम्ही बोललात की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुख्य गोष्ट तशीच राहिली. 'पळतो' असं मी तुम्हाला म्हटलं नाही. रोज पहाटे कारखान्याची बस यायच्या आधी लालबागेत जाऊन चोरून पळत होतो, पण घरी येऊन म्हणायचो, "बघू."

गौरी-गणपती झाले आणि तुम्हाला ताप भरला. तापाच्या गुंगीत तुम्ही विचारलंत, "आश्विनातली एकादशी कधी रे?" शेजारच्या अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या, बघा, अशातही व्रताची आठवण आहे. अण्णांनीही मान हलवली. तुम्ही व्रताचं विचारत नव्हतात हे मला कळलं. मला तेव्हा वाकून तुमच्या कानात 'पळतो वैनी' एवढंच म्हणायचं होतं. खोलीत सगळे होते. मला वाटलं, उद्या म्हणू. उद्या तुम्ही नव्हतात.

त्याचं मला फार वाईट वाटतं. ते इथं लिहून टाकतो आणि पुढं जातो, कारण तेराव्यानंतरही मी तेच केलं. बूट काढले, पुसले आणि पळायला लागलो. आता चोरून नाही. अण्णांच्या समोरून जायचो, समोरून यायचो. बसवनगुडीच्या चढावर गुडघा बोलायचा, तेव्हा तुमचं 'स्वल्प पुढं' म्हणत चढायचो. रडू यायचं. पळताना रडलं की श्वास तुटतो, म्हणून तेही बंद केलं. ठरवलं होतं, ही शर्यत पळायची आणि दारावरून असं जायचं की रस्त्यानं बघत राहावं.

आदल्या संध्याकाळी अण्णांना सांगितलं, "उद्या पळणार आहे."

ते देवाची भांडी घासत होते. "एकादशी आहे," म्हणाले.

"ठाऊक आहे."

आणि घासत राहिले. 'तुझं तू बघ'सुद्धा म्हणाले नाहीत.

काल पहाटे निघताना दारात कुणी नव्हतं. तांब्या कोनाड्यात पालथा होता. मी त्याच्याकडं बघितलं, हात पुढंही केला. पण तुमच्या घरात आपल्या हातानं ओतून घेऊन कधी निघालो नव्हतो. तसाच कोरडा बाहेर पडलो.

मार्केटात फुलांचे ढीग उतरत होते. रात्री पाऊस झालेला, रस्ता ओला, जटक्यांचे घोडे फुरफुरत होते. पळणारी निम्मी पोरं माझ्या खांद्याइतकी होती, आणि त्यात मुनियप्पा ताडासारखा. "एनप्पा, काय रे, मोठा मॅरेथॉनवाला इकडं कसा?" एकानं विचारलं. म्हटलं, "दात घासायला आलोय." त्याला काही कळलं नाही.

शिट्टी झाली. छोटी शर्यत छोटी असते, हा माझा गैरसमज पहिल्या मैलातच गेला. लांबच्या शर्यतीत दमायला वेळ मिळतो. इथं पहिल्या पावलापासून पोरं पिसाळल्यासारखी सुटतात. दात घासायचं काम म्हणणाऱ्याच्या छातीचा भाता झाला. तरी सोडलं नाही. एकेकाला गाठत गेलो. आपल्या रस्त्याला वळलो तेव्हा पुढं पाच-सहा जणच राहिले होते, आणि मुनियप्पाची पाठ हातभर अंतरावर होती. गुडघा गप्प होता. वैनी, मी चांगला पळत होतो. खरंच चांगला पळत होतो.

दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या. शेजारच्या अक्का ओरडल्या, "गुंडू, सोडू नको!" आपल्या दाराकडं बघायचं नाही असं मी ठरवून ठेवलं होतं. रिकामी पायरी बघितली असती तर तिथंच थांबलो असतो. नजर मुनियप्पाच्या पाठीवर ठेवली आणि दार मागं टाकलं.

पण डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरं दिसलं होतं. पायरीवर नव्हे, खाली, रस्त्यावर.

मी वळून बघितलं. अण्णा उभे होते. धोतर, उघड्या अंगावर उपरणं, कपाळावर सकाळचं गंध, एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत गूळ. हाक मारत नव्हते. हात नुसते पुढं केलेले.

मी थांबलो. थांबलो, आणि चार पावलं परत आलो. मागची दोन पोरं माझ्या बाजूनं निघून गेली.

"तिनं सांगून ठेवलंय," अण्णा म्हणाले. "घे."

"अण्णा, एकादशी..."

"एकादशी माझी आहे," अण्णा म्हणाले. "तू पी."

अख्खी आळी बघत होती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि घटाघट प्यालो. अर्धं पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. अण्णांचे ओठ कोरडे होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, मी वाकायलाही लागलो. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत चक्क एक धपाटा घातला.

"उभा काय राहिलास? पळ की रे!"

जन्मात पहिल्यांदा अण्णा मला 'पळ' म्हणाले. मी पळालो. चढावर त्या दोन पोरांपैकी एकाला मागं टाकलं. दुसरा हाती लागला नाही, आणि मुनियप्पा तर केव्हाच पुढं गेला होता. लालबागेच्या दरवाजात पोचलो तेव्हा तो कट्ट्यावर बसून घाम पुसत होता. "कुठं राहिलास?" त्यानं विचारलं. म्हटलं, "घरी गेलो होतो." घोडं गंगेत न्हालं. बक्षीस नाही, हार नाही. आज सकाळी व्यायामशाळेत जाऊन पुढच्या वर्षासाठी नाव देऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, अजून वही उघडली नाही. म्हटलं, उघडाल तेव्हा पहिलं माझं घाला.

तेव्हा भांडण मिटलं, वैनी. तुम्ही जिंकलात. शर्यतीत थांबता येतं.

राहिली एकच गोष्ट. तुम्हाला मला पळताना बघायचं होतं. मी स्वतः ते सांगू शकत नाही. पळणाऱ्याला तो कसा पळतो ते दिसत नाही. म्हणून काल संध्याकाळी अण्णांना विचारलं. दिवसभराच्या उपासानं ते भिंतीला टेकून बसले होते. म्हटलं, "अण्णा, मी पळताना कसा दिसत होतो?"

त्यांनी बराच विचार केला.

"डावा खांदा पडतो तुझा," ते म्हणाले. "आणि हळू पळतोस."

अण्णा दाराकडं बघत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "पुष्कळ वेळ दिसलास."